पाटी बदललेल्या दुकानाची कादंबरी

मराठी वाचकाला ज्यू माणूस आजवर मुख्यतः दोन ठिकाणी भेटला आहे. पहिली भेट कोकणातली. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली मोजकी माणसे, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे 'शनिवार तेली', गावांच्या नावांवरून पडलेली त्यांची रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे. ही बेने इस्रायलांची हकीकत आपल्याला घरातल्या गोष्टीसारखी परिचित आहे. दुसरी भेट फार दूरची. वि. ग. कानिटकर यांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' या ग्रंथाने मराठी वाचकांच्या पिढ्यांना जर्मनीतील त्या बारा वर्षांचा इतिहास सांगितला. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशीही आपल्या वाचनालयांतून पोहोचली. साठ लाख माणसे मारली गेली, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

परंतु या दोन भेटींच्या मधला ज्यू माणूस आपल्या वाचनात फारसा येत नाही. सकाळी दुकान उघडणारा, उधारीच्या वह्या ठेवणारा, मुलाला कोणत्या शाळेत घालावे याची चिंता करणारा असा हा माणूस आहे. तो डोळ्यांसमोर आल्याशिवाय साठ लाख हा केवळ आकडा राहतो, आणि आकड्याची मनाला फार लवकर सवय होते. अनिता देसाई यांची १९८८ साली प्रसिद्ध झालेली 'बाउमगार्टनर्स बॉम्बे' ही इंग्रजी कादंबरी या माणसाला आपल्यापुढे उभे करते. आणि तेही मुंबईत, कुलाब्यात, ताजमहाल हॉटेलच्या मागल्या बाजूच्या वस्तीत. म्हणून तिच्याविषयी मराठीत थोडे विस्ताराने लिहावे असे मला वाटले.

मी मंठ्यासारख्या गावात शाळामास्तर आहे आणि माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आहे. इंग्रजी कादंबरी वाचायची म्हणजे कोश जवळ ठेवावा लागतो आणि एका पानाला दहा पानांचा वेळ द्यावा लागतो. पण सावकाश वाचण्याचा लाभ असा की, घाईने वाचणारा ज्या ओळींवरून पुढे सरकतो, त्या ओळींपाशी आपल्याला थांबावेच लागते. शिवाय स्वतः कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे दुसऱ्याच्या कादंबरीचे सांधे तपासण्याची खोड मला आहे. पुढील विवेचन या दोन्हींमधून आलेले आहे.

प्रथम लेखिकेविषयी. अनिता देसाई यांचा जन्म १९३७ साली मसुरीला झाला. वडील बंगाली, आई जर्मन. घरात जर्मन बोलली जात असे, आणि लहानपणची बडबडगीते त्यांनी त्याच भाषेत ऐकली. म्हणजे जर्मन भाषा ही त्यांच्या लेखी आईच्या मांडीवरची भाषा आहे. ही गोष्ट कादंबरी वाचताना विसरता येत नाही, कारण कादंबरीत हीच भाषा एकाच वेळी अंगाईची आणि हुकूमाची आहे. आपली आई ज्या भाषेत गात होती, त्याच भाषेत आपल्याला हाकलून देण्यात आले, हे बाउमगार्टनरचे दुःख बाहेरच्या माणसाला इतक्या नेमकेपणाने लिहिता आले असते असे मला वाटत नाही.

कथानक थोडक्यात असे. ह्यूगो बाउमगार्टनर हा बर्लिनमधील एका सुखवस्तू ज्यू फर्निचर-व्यापाऱ्याचा एकुलता मुलगा. नाझी सत्तेवर येतात, वडिलांचा धंदा जातो, वडील जातात, आणि मुलगा लाकडाच्या व्यापाराची ओळख हाताशी धरून हिंदुस्थानात येतो. आई मागेच राहते. कलकत्त्यात हबीबुल्ला नावाच्या व्यापाऱ्याकडे तो काम करतो. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकार त्याला जर्मन म्हणून पकडते आणि सहा वर्षे छावणीत ठेवते. सुटल्यावर फाळणीच्या दंगलींत हबीबुल्लाचाच पाया निखळतो. ह्यूगो मुंबईला चिमणलाल नावाच्या शेटजींकडे येतो. पुढे तेही जातात. म्हातारा ह्यूगो कुलाब्यातील एका खोलीत मांजरे पाळत, एका इराणी धाटणीच्या कॅफेतून त्यांच्यासाठी उरलेसुरले अन्न गोळा करीत दिवस काढतो. अखेर कर्ट नावाचा एक नशेबाज जर्मन तरुण, ज्याला त्याने दयेपोटी घरी आणले, तोच त्याचा खून करतो. कादंबरीची सुरुवात या खुनानंतर होते. ह्यूगोची जुनी मैत्रीण लोट्टे त्याच्या आईची पत्रे घेऊन घरी येते आणि ती वाचू लागते. तेथून कथा मागे वळते.

ही रूपरेषा वाचून कोणी म्हणेल की, ही एका दुर्दैवी माणसाची करुण कहाणी दिसते. मला ती तशी वाटत नाही. माझ्या मते ही प्रथम एका दुकानाची कादंबरी आहे. दुकान एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती कसे जाते, हा तिचा खरा विषय आहे. आणि या एका विषयावर लेखिकेचे जे बारीक लक्ष आहे, त्यातच या कादंबरीची थोरवी आहे.

बर्लिनमधील ते दुकान पाहा. उंची लाकूड, चकाकणारे आरसे, त्या आरशांत शंभर वेळा उमटणारे सामान. ह्यूगोचे वडील नीटनेटके, पोषाखी, आपल्या मालाचा अभिमान बाळगणारे. आईला कवितेचा आणि गाण्याचा नाद. हे घर मनाने पूर्णपणे जर्मन आहे. घराला पहिली चीर जाते ती दुकानात नव्हे, शाळेत. नाताळच्या झाडाखाली मुलांना भेटी वाटल्या जातात. त्या ज्याच्या त्याच्या घरून आलेल्या असतात. ह्यूगोच्या घरून काहीच आलेले नाही. मग झाडाच्या शेंड्यावरचा काचेचा गोळा त्याला देऊ केला जातो, आणि तो घ्यायला त्याचा हात पुढे होत नाही. येथे कोणी दुष्टपणा करीत नाही. बाईंना तर त्याला आनंदच द्यायचा आहे. तरी आपण या झाडाचे नाही, हे त्या पोराला कळते. मी इतकी वर्षे वर्गात उभा आहे. खाऊ वाटताना मागे सरकणारे पोर प्रत्येक वर्गात एखादे असते. त्याच्या मागे सरकण्याचा अर्थ शिक्षकाने वाचायला शिकावे, इतके हे पान बोलके आहे.

यानंतर दुकानाची पाळी येते. येथे इतिहासाच्या काही नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे कादंबरी किती काटेकोर आहे ते दिसते. १९३३ साली जर्मनीत ज्यूंची संख्या सुमारे पाच लाखांवर होती. त्यांपैकी सुमारे १ लाख ६० हजार एकट्या बर्लिनमध्ये राहत. त्याच वर्षी १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर सरकारी आशीर्वादाने बहिष्कार पुकारला गेला. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे आले. एप्रिल १९३८ मध्ये फर्मान निघाले की, पाच हजार मार्कांहून अधिक मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने ती सरकारदरबारी नोंदवावी. त्या वर्षीच्या ९ आणि १० नोव्हेंबरला प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकानांच्या काचा फोडण्यात आल्या आणि सुमारे तीस हजार पुरुषांना पकडून डाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेन येथील छावण्यांत नेण्यात आले. फुटलेल्या काचांबद्दल दंड बसला तो ज्यांच्या काचा फुटल्या त्यांनाच. रक्कम शंभर कोटी मार्क. आणि १ जानेवारी १९३९ पासून ज्यू माणसाला दुकान चालवण्याचीच मनाई झाली.

या क्रमाकडे नीट पाहावे. आधी बहिष्कार, मग कायदा, मग नोंदणी, मग मोडतोड, मग दंड, आणि शेवटी बंदी. या पायऱ्यांवर जागोजाग एक गिऱ्हाईक उभे होते. सरकार दुकान मोडत होते, पण ते विकत घेणारा बहुधा शेजारचा, ओळखीचा, त्याच धंद्यातला माणूस असे. भाव अर्थातच त्याच्या सोयीचा. या व्यवहाराला त्या राजवटीने 'आर्यीकरण' असे भारदस्त नाव दिले होते. खरेदीखत होई, सही होई, शिक्का बसे. कागद पाहणाऱ्याला त्यात काही वावगे दिसू नये, अशीच त्याची मांडणी असे.

कादंबरीत हा गिऱ्हाईक आहे हांबुर्गचा एक लाकूड-व्यापारी. ह्यूगोच्या वडिलांशी त्याचा जुना व्यवहार. वडील डाखाऊहून परत येतात ते मोडून आलेले असतात, आणि एके दिवशी स्वयंपाकघरातील गॅस सोडून जीव देतात. हे गृहस्थ मग पुढे होतात. धंदा ते आपल्या हाती घेतात, विधवेला आणि मुलाला तेथेच एका कोपऱ्यात राहू देतात, अधूनमधून चौकशीला येऊन बसतात. त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नाही. ह्यूगोला हिंदुस्थानात जाण्याचा सल्ला आणि ओळख हेच देतात, म्हणजे त्याचा जीव एका अर्थी यांच्यामुळेच वाचतो. लेखिकेने या माणसाला खलनायक केले असते तर वाचकाची फार सोय झाली असती. त्याच्यावर थुंकून आपण पान उलटले असते. तिने त्याला सभ्य ठेवले. तो सभ्य आहे, उपकारकर्ता आहे, आणि दुकान त्याच्याकडे आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र पचवणे वाचकाला जड जाते. मला स्वतःला हा या कादंबरीतील सर्वांत भयंकर भाग वाटला. शेवटच्या खुनाहूनही भयंकर.

आता छावणीचा भाग. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदुस्थान सरकारने जर्मन पुरुषांना धरले. अहमदनगर आणि देवळाली या आपल्याच मुलखातील गावी त्यांच्या छावण्या होत्या. पुढे १९४१ मध्ये त्यांना डेहराडूनच्या मोठ्या छावणीत हलवण्यात आले. हिमालय ओलांडून तिबेटात जाणारा हाइनरिश हारर हा याच वाटेने नगर, देवळाली करीत डेहराडूनला पोहोचलेला कैदी. नगर म्हटले की आपल्याला किल्ल्यातील १९४२ चे स्थानबद्ध पुढारी आठवतात. पण त्याआधी तीन वर्षे त्याच गावी तारेच्या कुंपणामागे जर्मन बसलेले होते, आणि त्यांत नाझी पक्षाचे अभिमानी सभासद जसे होते तसे नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते. दोघांच्याही पासपोर्टावर राष्ट्रीयत्व एकच: जर्मन.

प्रत्यक्षात चौकशी-समिती बसली आणि पुष्कळ ज्यू निर्वासितांची काही महिन्यांत सुटका झाली; १९४० च्या उन्हाळ्यात युद्धाचे पारडे फिरताच त्यांतील काहींना पुन्हा आत घेण्यात आले. कादंबरीतील ह्यूगोला मात्र युद्ध संपेपर्यंत सोडलेले नाही. येथे लेखिकेने इतिहास थोडा ताणला आहे असे कोणी म्हणेल. मला तो ताण क्षम्य वाटतो, कारण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. जर्मनीने २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानाने परदेशात राहणाऱ्या आपल्या सर्व ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. म्हणजे ज्या देशाचा माणूस म्हणून कोणी इंग्रजांच्या कुंपणात बसला होता, त्या देशाच्या कायद्याने तो त्यांचा उरलाच नव्हता. पण रजिस्टरातला रकाना तसाच राहिला. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जात, धर्म, जन्मस्थळ, राष्ट्रीयत्व असे रकाने मी वर्षानुवर्षे भरतो आहे. एकदा शाईने भरलेला रकाना बदलण्यासाठी बापाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे मला ठाऊक आहे. ह्यूगोला तर हेलपाटे घालायला कचेरीच नव्हती. आपण कोण आहोत हे तो इंग्रज अधिकाऱ्याला सांगू पाहतो, आणि त्याला सांगता येत नाही. कारण उत्तराला जेवढी जागा लागते तेवढी रकान्यात नाही.

याच भागात आईच्या पत्रांचा उपयोग लेखिकेने फार संयमाने केला आहे. ही पत्रे तोकडी असतात. मी बरी आहे, काळजी करू नकोस, यापलीकडे त्यांत काही नसते. मग ती बंद होतात. आई कोठे गेली, कशी गेली, हे कादंबरी कोठेच सांगत नाही. छळछावणीचे एकही दृश्य तिने रंगवलेले नाही. लेखिकेने मुलाखतीतून सांगितले आहे की, मुंबईत वारलेल्या एका वृद्ध युरोपीय माणसामागे राहिलेली जर्मन पत्रे तिला वाचायला मिळाली होती, आणि त्या पत्रांच्या विलक्षण कोरेपणातून या पुस्तकाचे बीज पडले. ते कोरेपण तिने भरून काढले नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. आमच्यासारख्या लेखकांचा हात अशा ठिकाणी शिवशिवतो. आईच्या मरणाचे एक प्रकरण लिहून वाचकाला रडवावे असा मोह कोणालाही झाला असता. येथे वाचक रडत नाही. तो पत्र उलटेसुलटे करून त्यात आणखी काही लिहिले आहे का ते शोधत राहतो. ह्यूगोनेही जन्मभर तेच केले.

हिंदुस्थानातील व्यापाराकडे या कादंबरीने जसे पाहिले आहे, तसे इंग्रजीत लिहिणाऱ्या फार थोड्यांनी पाहिले असेल. कलकत्त्याचे हबीबुल्ला आणि मुंबईचे चिमणलाल या दोघांनी ह्यूगोला जवळ केले ते कागदावर नव्हे, बोलीवर. हा खास आपल्या पेढीचा रिवाज. आमच्याकडे मोंढ्यात आडत्या आणि शेतकरी यांचा व्यवहार दोन पिढ्या केवळ बोलीवर चाललेला मी पाहिला आहे. या बोलीत ऊब आहे, आणि तिच्यातच धोका आहे. बोलणारा गेला की बोली गेली. चिमणलाल जातात, मुलगा गादीवर बसतो, वह्या उघडतो, आणि वहीत ह्यूगोचे नाव कोठेच सापडत नाही. मुलाने काही चोरलेले नाही. बर्लिनमध्ये कागद होता म्हणून दुकान गेले, मुंबईत कागद नव्हता म्हणून आसरा गेला. वडील आणि मुलगा दोघांचाही निकाल वहीनेच लावला, आणि दोन्ही वेळा वही पाहणाऱ्याला सारे चोख दिसले.

हबीबुल्लांच्या भागापाशी मी सर्वांत अधिक वेळ थांबलो. कारण त्याला आमच्या मुलखाचा संदर्भ आहे. मंठा आज जालना जिल्ह्यात आहे, १९८१ पूर्वी तो भाग परभणी जिल्ह्यात होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या भयाने घरदार, दुकान सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांनी आम्हाला सांगितल्या. पोलीस कारवाईनंतर वारे उलटे फिरले आणि मराठवाड्यातील अनेक गावांत मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला; पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची नोंद केलेली आहे. पहिली आठवण आमच्याकडे मोठ्याने सांगतात, दुसरी हळू आवाजात. दोन्ही आठवणींत एक दुकान असते, आणि त्याची पाटी बदललेली असते. जर्मनीत एका राज्ययंत्रणेने ठरवून, मोजून केलेला संहार आणि आमच्याकडील त्या दोन वर्षांची उलथापालथ यांना एका मापाने मोजणे सर्वस्वी गैर होईल, आणि तसे मी मोजत नाही. पण ज्यू दुकानदाराची कथा वाचताना 'हे आपल्याकडे कोठले?' असे म्हणून निर्धास्त होण्याची सोय कादंबरीने ठेवलेली नाही. बर्लिनहून पळालेल्या ह्यूगोला कलकत्त्यात हबीबुल्लांची पेढी मोडताना पाहावी लागते, हा योगायोग म्हणून घातलेला नाही. तो कादंबरीच्या कण्यातला मणका आहे.

आता दोष सांगितले पाहिजेत. नाझींपासून पळून मुंबईला आलेली खरी माणसे आपल्या इतिहासात आहेत. मुंबईत १९३४ सालीच निर्वासितांच्या मदतीसाठी 'ज्युइश रिलीफ असोसिएशन' उभी राहिली होती. त्याच वर्षी आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन आकाशवाणीत गेले. आपण पहाटे ऐकत आलो ती आकाशवाणीची ओळखधून त्यांच्या नावावर आहे. रुडॉल्फ फॉन लायडन, ज्यू पत्नीसह व्हिएन्ना सोडून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर या तिघांनी १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह मंडळातील सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्या चित्रांना पहिली दाद दिली. देसाईंनी यांच्यापैकी कोणाला नायक केले नाही. जो काहीही मागे ठेवून गेला नाही असा माणूस घेतला. ही निवड मला पटते. मात्र तिच्यामुळे ह्यूगो कधीकधी अति निष्क्रिय होतो. पन्नास वर्षे जो माणूस या देशात लाकूड विकतो, भाव ठरवतो, गुदामे पाहतो, त्याच्या हातात थोडी तरी धमक असली पाहिजे. व्यापाऱ्याचा मुलगा इतका गुळमुळीत कसा, हा प्रश्न वाचकाला पडतो, आणि लेखिका त्याला उत्तर देत नाही.

दुसरा दोष मराठी वाचकाला अधिक लागेल. ह्यूगोच्या मुंबईत मराठी माणूस जवळपास नाही. इमारतीच्या दाराशी फुटपाथवर खेड्यातून आलेले एक कुटुंब राहते. ह्यूगो त्यांच्यावरून रोज जातो-येतो, पण दुष्काळात बिऱ्हाड पाठीवर घेऊन मुंबई गाठणाऱ्या माणसाच्या पोटातले त्या पानांत येत नाही. आमच्या भागातून १९७२ साली अशी माणसे गेली, त्यामुळे ती रिकामी जागा मला फार जाणवली. आणि त्याच मुंबईत शतकानुशतके मराठी बोलणारे, सिनेगॉगमध्ये जाणारे ज्यू राहत होते. ह्यूगोच्या आयुष्यात त्यांना स्थान नाही. नवल असे की, याच लेखिकेने १९८२ साली 'द व्हिलेज बाय द सी' ही कादंबरी अलिबागजवळच्या थळ गावावर लिहिली आहे; आणि थळला लागूनच आहे ते नवगाव, जेथे बेने इस्रायल आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले असे मानतात. एका ज्यूला या किनाऱ्यावर सुखाने घाणा चालवता आला, त्याला कोणी हात लावला नाही. दुसरा त्याच किनाऱ्यावरच्या शहरात येऊन अर्ध्या शतकात कोणाचाच झाला नाही. हे दोघे एकदा तरी समोरासमोर यायला हवे होते. ती भेट झाली असती तर कादंबरीला आणखी एक खोली आली असती.

तिसरा दोष शेवटाचा, आणि तो मला मूलगामी वाटतो. पन्नास वर्षांनंतर एक जर्मन तरुणच येतो आणि चांदीच्या कपांसाठी म्हाताऱ्या ज्यूला मारतो. हे कप चिमणलालबरोबर भागीत घेतलेल्या घोड्याने शर्यतीत जिंकलेले असतात. अनेकांना हा शेवट अपरिहार्य वाटेल. जे बर्लिनमध्ये अर्धे राहिले ते कुलाब्यात पुरे झाले, असे त्यातून सुचवायचे आहे. पण असे सुचवताच सारा दोष दैवाकडे जातो. दैवाला कोणी जाब विचारू शकत नाही. या कादंबरीचे सामर्थ्य तर याच्या अगदी उलट ठिकाणी होते. फर्मान कोणी काढले, खरेदीखत कोणी केले, भाव कोणी पाडला, रकाना कोणी भरला, वही कोणी मिटली, हे तिने एकेका माणसाच्या हाताकडे बोट करून दाखवले होते. त्या हातांना जबाबदार धरता येते. कर्टच्या सुरीने ती जबाबदारी शेवटच्या पानांत पुसट करून टाकली.

एवढे दोष सांगूनही ही कादंबरी आपल्याकडे का वाचली जावी, याचे कारण माझ्यापुरते स्पष्ट आहे. बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे मांडलेली असतात आणि खपतात. 'असा एक माणूस आपल्याकडे हवा होता, शिस्त आली असती,' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत ऐकत आलो आहे. ते बोलणारी माणसे क्रूर नसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे संचलन असते, रस्ते असतात, एका हाकेसरशी उठणारा समाज असतो. त्यांना साठ लाखांचा आकडा सांगून उपयोग होत नाही. तो त्यांनी ऐकलेला असतो. त्यांच्यापुढे फर्निचरचे एक दुकान ठेवले पाहिजे. त्या दुकानाचा मालक कर भरणारा, स्वतःला पक्का जर्मन म्हणवणारा होता. त्याला कोणत्या तारखेला काय नोंदवायला सांगितले, काय भरायला सांगितले, आणि शेवटी दुकान कोणाच्या नावावर झाले, हे क्रमाने सांगितले पाहिजे. मग ऐकणारा गप्प होतो, कारण दुकान सर्वांना कळते. वर्गात इतिहासाच्या तासाला मी हे करून पाहिले आहे. मुले विचारतात, 'गुरुजी, त्या हांबुर्गच्या माणसाला पुढे काही झाले का?' कादंबरी वाचून झाल्यावर मलाही नेमका हाच प्रश्न पडला होता. मी मुलांना सांगतो की, त्याच्यासारखे हजारो होते, त्यांतील बहुतेकांनी पुढे आपापली दुकाने चालवली आणि म्हातारपणी घरी अंथरुणावर मेले. मुलांना हे उत्तर आवडत नाही. ती ते विसरतही नाहीत.